नदीकडचा कोपरा

"सूनबाई, एक काय ते ठरव बघू," सोनाक्का म्हणाली आणि तिनं ओंजळभर भाजल्या शेंगा माझ्या ओट्यात टाकल्या. "गोल घालणारा तुझा नवरा, गोल अडवणारा तुझा भाऊ. टाळी कुणाला वाजवणार?"

"तिला कशाला इचारतीस?" माझ्या दुसऱ्या बाजूनं आत्याबाई म्हणाल्या. "दिवाळीपासनं आमच्या घरात हाय, हूं आणि व्हय सोडून तिसरा शब्द ऐकला असंल तर शप्पत. टाळी कुठनं वाजवतीया ती?"

पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका हसल्या. मीही मान खाली घालून हसले आणि एक शेंग फोडली. आत दाणाच नव्हता.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. सोनाक्का आमची शेजारीण. आणि आम्ही बसलो होतो गडहिंग्लजच्या मैदानाच्या कडेला, शाळेच्या दगडी पायऱ्यांवर. त्या पायऱ्या बायकांच्या, असं गावात कुणी न ठरवता ठरलेलं. मैदानाच्या पलीकडं उतार, उताराखाली नदी. माघ सरत आला होता. गुऱ्हाळं चालू होती, वारा सुटला की सगळ्या मैदानावर गुळाचा वास पसरायचा आणि तांबडी धूळ त्या वासात मिसळून गोड लागायची.

त्याला आता तीसएक वर्षं झाली असतील.

त्या दिवशी माझं माहेर माझ्या सासरी खेळायला आलं होतं. माहेर म्हणजे कोल्हापूरची उंबरेश्वर तालीम. पूर्वी तिथं मल्ल घुमायचे, मग लाल मातीतल्या पोरांना चेंडूचं वेड लागलं आणि तालमीचा संघ झाला. माझे वडील, आबा, त्या संघाला शिकवायचे. माझा थोरला भाऊ धैर्यशील गोलकीपर. आणि समोर गडहिंग्लजचा नदीकाठ संघ. त्याचा सेंटर फॉरवर्ड जयसिंग. म्हणजे आमचे हे.

आमचं लग्नही चेंडूनंच जमवलेलं. आदल्या वर्षी ह्यांनी दादाला एका सामन्यात तीन गोल घातले. आबा घरी आले, पगडी काढावी तसा डोक्याचा टॉवेल काढून खुंटीला अडकवला आणि आईला म्हणाले, "कुमूला स्थळ बघितलं. जावई केला म्हंजे लाजंकाजंनं तरी कमी गोल घालंल."

आता तो जावई मैदानात उड्या मारून अंग गरम करत होता आणि लाज त्याच्या आसपास कुठं दिसत नव्हती.

लीगचा हा शेवटचा सामना. नदीकाठचं काही जाणार नव्हतं, त्यांचा वरचा नंबर आधीच पक्का झाला होता. पण उंबरेश्वर हरला असता, तर वरच्या गटातून खाली घसरला असता, पहिल्यांदाच. बरोबरी झाली की टिकला. आबांना जिंकायचं नव्हतंच. सकाळी मैदानावर भेटले तेव्हा कडुनिंबाची काडी चावत एवढंच म्हणाले, "पोरी, आज आम्हाला शून्य पायजे. शून्य मिळालं तर सोनं."

दादा त्याच सकाळी घरी येऊन गेला होता. आईनं करंज्यांचा डबा दिलेला. आत्याबाईंनी त्याला पोहे खायला लावले, वर दूध, वर "सामन्याआधी पोट जड कर म्हंजे जमिनीला धरून ऱ्हाशील" असा आशीर्वाद. मग मी त्याला परसात नेलं. परसाची मागची भिंत म्हणजे ह्यांचं पेनल्टीचं गोल. रोज सकाळी, म्हशीची धार काढायच्या आधी, हे तिथं चेंडू मारायचे. लग्नाला आठवडा झाला असेल नसेल, मला म्हणाले होते, "उभी ऱ्हा की जरा. नुसत्या भिंतीला मारून मजा न्हाई." मी पदर खोचून शेवग्याच्या झाडाजवळ उभी राहिले. तेव्हापासून रोजच. गावातल्या कुणाला ठाऊक नव्हतं, की नदीकाठच्या सेंटर फॉरवर्डला सराव देणारा गोलकीपर लुगड्यात असतो.

तिथं मला कळलेली एक गोष्ट होती. चेंडूमागं उभे राहिले की हे उजव्या कोपऱ्याकडं रोखून बघायचे, बूट एकदा पोटरीला पुसायचे आणि चेंडू डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, मारायचे. दर वेळी. त्यांना वाटायचं हे कुणाला समजत नाही. माझ्या संसारातलं ते पहिलं गुपित. दागिन्यासारखं मी ते जपलं होतं.

त्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात मी माहेरची जाई लावली होती. चेंडू लागू नये म्हणून पुढं दोन विटा उभ्या केलेल्या. दादाला मी तीच बोट करून दाखवत होते, "बघ, आईनं दिलेली काडी, धरली की रे," तेवढ्यात हे दारातून आत आले. थबकले. मग म्हणाले, "काय पाव्हणं, पोटभर खाल्लं का?" दादा म्हणाला, "खाल्लं दाजी. आता तुमचं चेंडू खातो." दोघं हसले, आणि हे आल्या पावली पाणीही न पिता परत गेले.

मला त्यात काहीच वाटलं नाही.

*

शिट्टी झाली आणि नदीकाठ आमच्यावर तुटून पडला. आमच्यावर म्हणजे उंबरेश्वरवर. पायऱ्यांवर बसून "आमचे" म्हणताना जीभ अडखळत होती. चेंडू सारखा दादाच्याच पुढ्यात. कधी पायानं, कधी छातीनं, एकदा तर नुसत्या कानानं त्यानं तो अडवला. आमची पोरं बिचारी मागं धावून धावून तांबडी झालेली. आणि मग डावीकडून एक चेंडू उंच आला, हे दोघांच्या मधून पाखरासारखे वर गेले, आणि डोक्यानं तो जाळीत.

मैदान उठलं. हलगी कडाडली. आत्याबाई उठल्या नाहीत. त्यांनी बसल्या जागी पदर सारखा केला, डोळे अर्धे मिटले आणि आवाज लावला,

*कोल्हापूरचा गं पाव्हणा, दोन खांबांच्या दारात*
*माझ्या लेकाचा चेंडू आला, जसा नवरदेव घरात!*

पायऱ्यांवर हशाचा धबधबा. आत्याबाईंची ही ख्याती. उभा जन्म त्यांनी जात्यावर ओव्या गायलेल्या. घराजवळ गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं. पण ओव्या कुठं जाणार? त्या मैदानावर आल्या. दर गोलाला एक ओवी. पाहुण्या संघाची पोरं गोल खाल्ल्यावर आधी पायऱ्यांकडं बघायची, आता काय ऐकावं लागणार म्हणून.

"सूनबाई, आवडली का?" सोनाक्कानं मला कोपर मारलं.

"हूं," मी म्हटलं.

खरं तर ओव्या मलाही येत होत्या. माझी आजी, माझी आई, आम्ही तिघी खुंट्याला हात लावून पहाट काढलेली माणसं. फक्त त्या घरात अजून माझं तोंड उघडलं नव्हतं. नवी सून, नवा उंबरा. आपला आवाज त्या भिंतींना कसा लागेल, कोण जाणे.

हाफ टाइमला आबा पोरांना रिंगण करून बसवून काहीतरी सांगत होते. दादा मात्र एकटाच गोलखांबाला टेकून बसला होता, ओठ घट्ट मिटून. लहानपणी गोट्या हरला की असाच बसायचा.

दुसऱ्या हाफला कोण जाणे आबांनी काय मंत्र घातला. पोरं पुढं निघाली. सलीम गवंडी म्हणून आमच्याकडं एक बुटका, वाऱ्याचा पोरगा होता. तो कडेनं असा सुटला, की मागं लागलेला नदीकाठचा गडी आपल्याच पायात पाय घालून पडला. सलीमनं मान वर न करता मारला. चेंडू खांबाला लागला, आत वळला.

माझ्या ओट्यातल्या शेंगा चारी दिशांना उडाल्या. मी उभी होते. दोन्ही हात वर होते. आणि कुणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडत होतं, "उंबरेश्वर! उंबरेश्वर!"

मीच ओरडत होते.

दोनशे डोळे माझ्यावर. सोनाक्काच्या तोंडातली शेंग तोंडातच. मी हळूच खाली बसले, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला. आत्याबाई समोर मैदानाकडं बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही.

"शेंगा येच," त्या एवढंच म्हणाल्या. "अन्न हाय ते."

मी वाकून शेंगा वेचत होते, तोवर पुन्हा आरडाओरडा झाला. वर बघते तर हे एकटेच चेंडू घेऊन गोलाकडं निघालेले, पुढं फक्त दादा. ह्यांनी मारला. तोफच. दादा आडवा झेपावला, बोटांची टोकं लागली आणि चेंडू खांबाबाहेरून गेला. दादा धुळीतून उठला तेव्हा आरतीच्या ताटातल्या कुंकवासारखा दिसत होता.

आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मी ठरवलं नव्हतं. चाल आधी आली, शब्द तिच्या मागून पळत आले,

*बंधू माझा गं दारात, त्याच्या हाताचं कवाड*
*नवरदेव गेला माघारी, उपाशी बसलं वऱ्हाड!*

बायका आधी आत्याबाईंच्या तोंडाकडं बघू लागल्या. मग मागच्या पायरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी. मग सोनाक्का, शेंगेचा ठसका लागून, डोळ्यांत पाणी येईतो. "उपाशी बसलं वऱ्हाड! अगं बाई बाई!"

आत्याबाई माझ्याकडं वळल्या. अशा बघत राहिल्या, की मला मैदान दिसेना.

"कुणी शिकवलं?"

"आजीनं," मी म्हटलं.

"आणि दिवाळीपासनं माझ्याशेजारी बसून भाकऱ्या थापतीस, आणि मला ठावं न्हाई?" त्यांनी माझ्या मांडीवर एक थाप हाणली, चांगली लागली. "अगं, वीस वरसं मी ह्या पायरीवर एकलीच गातोय. जबाब देणारी कुणी गावली न्हाई. कुठं दडून बसली हुतीस?"

*

त्यानंतरचा खेळ म्हणजे नुसता धसका. आमच्या एका पोराच्या पायात गोळा आला, तो लंगडत बाहेर गेला. बदली खेळाडू संपले होते. दहा जण उरले. नदीकाठ लाटेवर लाट येत होता आणि उंबरेश्वरची पोरं चेंडू मिळेल तिकडं उधळत होती, एकदा तर थेट नदीत. तो आणायला पोरं धावली, तेवढाच दम मिळाला. आबांनी तोंडातली काडी चावून चावून तिचा भुगा केलेला. पायऱ्यांवर आत्याबाई एक ओवी टाकायच्या, मी दुसरी टाकायचे. बायका मान इकडून तिकडं वळवत होत्या. त्यांना आता दोन सामने बघायचे होते.

आणि सामना संपत आला असताना गोलाजवळ चेंडू आमच्या एका गड्याच्या हाताला लागला. पंच पळत आले. हात खाली करून त्यांनी पांढऱ्या ठिपक्याकडं दाखवलं.

पेनल्टी.

हलगी थांबली. हे चेंडू काखेत घेऊन चालत निघाले. समोर दादा. ते गोल आमच्या पायऱ्यांच्या जवळच्या टोकाला होतं. ह्यांचा डावा कोपरा म्हणजे शाळेकडचा, आमच्या बाजूचा. उजवा, नदीकडचा. इथून मी नुसता हात हलवला असता तरी दादाला दिसला असता. नुसती एक ओवी. "शाळा" एवढा शब्द पुरे होता.

खाली घसरलेली तालीम डोळ्यांपुढं आली. आबा टॉवेल खुंटीला अडकवतायत, दादा खांबाला टेकून बसलाय. आणि दुसऱ्या बाजूला ती परसातली सकाळ, शेवग्याची फुलं, पोटरीला पुसलेला बूट.

आत्याबाई माझ्या कानाशी वाकल्या. इतक्या हळू बोलल्या, की सोनाक्काला ऐकू गेलं नसेल.

"माझा ल्योक कुठं मारतोय ते मलाबी ठावं हाय. परसात तू हुबी ऱ्हातीस ते चुलीपुढनं दिसतंय मला." मग थोडं थांबून, "सांगायचं असंल तर सांग. मलाबी भाऊ हुता. मी आता बहिरी हाय."

आणि त्यांनी खरंच तोंड फिरवलं.

त्यांनी दम दिला असता तर कदाचित मी सांगितलं असतं. पण हे ऐकल्यावर माझ्यानं हात हलवेना. मी पदराचा बोळा केला, तोंडात धरला आणि दादाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघू लागला की डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे त्याला काही कळायला नको, असं ठरवलं. पण दादा बघतच नव्हता. एकदाही नाही. मान नदीकडं झुकवून तो उभा, जसं काही शाळेच्या बाजूला जगच नाही.

ह्यांनी चेंडू ठेवला. उजव्या कोपऱ्याकडं रोखून बघितलं. बूट पोटरीला पुसला. धावले.

आणि चेंडू नदीकडं गेला.

उजव्या कोपऱ्यात! मी किंचाळले, पण पदर तोंडात होता. आणि दादा आधीच तिकडं होता. त्याचं सगळं अंग तिकडं वाहत गेलं, चेंडू त्याच्या मनगटांवर आदळला, उडाला, आडव्या खांबाला लागून बाहेर.

पुढचं मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की आत्याबाई कपाळावर हात मारून हसत होत्या आणि मी त्यांच्या गळ्यात होते. कॉर्नर झाला, तो सलीमनं डोक्यानं काढला. आणखी एक लाट आली, ती आमच्या कुणाच्या तरी पाठीवर फुटली. मग शिट्टी. लांब, थरथरती, माहेरच्या सादेसारखी गोड.

एक-एक.

उंबरेश्वरची पोरं धुळीत लोळत होती. आबांना दोघांनी खांद्यावर घेतलं, तर ते वरून ओरडत होते, "उतरवा रं, जिंकलो न्हाई, नुसतं ऱ्हायलोय!" कुणीतरी गुलाल काढला.

"बरोबरीला गुलाल?" सोनाक्का म्हणाली. "ह्यांच्यात काय रीतभात?"

"अगं, गुळाची भेली असली काय आणि खडा असला काय," आत्याबाई म्हणाल्या. "तोंड गोडच."

*

मी मैदानात उतरले. हे गोलखांबापाशी बसून बूट सोडत होते. मला बघून हसले. जरासं कसनुसं, पण हसले.

"सांगितलंस नव्हं त्याला?"

"काय?"

"डावा कोपरा. सकाळी परसात बोट करून दाखवत हुतीस की. मी बघितलं."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी मटकन खाली बसले. "अहो, मी जाई दाखवत होते! आईनं दिलेली! ती धरली म्हणून!"

ह्यांचा बूट हातातच राहिला.

"जाई?"

"जाई!"

"म्हंजे त्याला काय ठावंच नव्हतं? आणि मी उगा..." त्यांनी नदीकडच्या कोपऱ्याकडं बघितलं, मग शाळेकडच्या, रिकाम्या, अख्खा बैल मावेल एवढ्या कोपऱ्याकडं. "आयला!"

"आणि सकाळपासून मनात ठेवून बसलात? रागावला नाहीत?"

"रागवायचं कशाला?" ते दुसऱ्या बुटाची गाठ सोडवत म्हणाले. "भाऊ हाय तुझा. सांगितलं असणार, असं धरून चाललो. म्हटलं, आपण कोपरा बदलावा. तुझ्याशी भांडण्यापरास ते सोपं."

तेवढ्यात दादा आला, दोन्ही मुठीत गुलाल. एक मूठ माझ्या भांगात, दुसरी ह्यांच्या डोक्यावर.

"ओ पाव्हणं, थांबा!" ह्यांनी त्याचं मनगट धरलं. "तिनं काय सांगितलं न्हाई म्हणती. मग तुम्ही नदीकडं पडला कसं?"

दादा माझ्याकडं बघून थोडा ओशाळला.

"ही पायऱ्यांवर बसलीवती," तो म्हणाला. "शाळेकडच्या अंगाला. हिला तुमची लकब ठावं असणार, हे मला काय कळत न्हाई व्हय? तिकडं बघितलं असतं तर हिच्या जिवाला घोर. म्हणून ठरवलं, दाजी मारूस्तवर शाळेकडं बघायचंच न्हाई. मान नदीकडं ठेवली ती ठेवलीच. चेंडू आला आणि अंग मानंमागनं गेलं. अडवायचं म्हणून गेलोच न्हाई, दाजी."

ह्यांनी त्याचं मनगट सोडलं. मग त्यांना हसू फुटलं. पोटातून, गदगदून. दादाच्या गळ्यात हात टाकून ते धुळीतच आडवे झाले आणि दोघं लोळून लोळून हसत राहिले. लोक बघायला लागले. मी मधे बसलेली, भांगात गुलाल, आणि कुणाकडं बघून रडावं ते कळेना, म्हणून मीही हसत सुटले.

उन्हं नदीत उतरली तसा टेम्पो निघाला. वेशीपर्यंत आम्ही पोचवायला गेलो. आबा पुढं ड्रायव्हरशेजारी, खिडकीतून हात बाहेर. मागं फळीवर पोरं उभी, हलगी, गुलाल, आणि सगळ्यांचे घसे बसलेले. आत्याबाईंनी आईसाठी गुळाची ढेप चढवून दिली होती आणि दादाला बजावलं होतं, "पुढल्या साली ये. ओवी तयार ठेवतोय."

टेम्पो वळणाला लागला. पोरांनी ललकारी दिली, पण घसे फाटलेले, ती अर्ध्यातच विरली.

आत्याबाईंनी मला ढोसलं. "बघत काय बसलीस? तुझी मानसं चालली. वरड की!"

मी हात तोंडापाशी नेले आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडले, "उंबरेश्वर!"

आणि माझ्या शेजारी, आधी मागं वळून गावातलं कुणी ऐकत नाही ना हे नीट बघून घेऊन, नदीकाठचा सेंटर फॉरवर्डही ओरडला.